मतदान केंद्र बदलले, हे मतदाराला कोण सांगणार?

प्रत्येक निवडणुकीनंतर ठाणे आणि नवी मुंबईच्या मतदानाची टक्केवारी जाहीर होते आणि शहरी मतदाराच्या उदासीनतेवर पुन्हा एकदा लिहिले जाते. २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा ठाणे मतदारसंघात ते ५२ टक्क्यांच्या आसपास झाले आणि शेजारच्या कल्याणमध्ये जेमतेम पन्नाशीला पोहोचले. तो दिवस सोमवार होता, त्याआधी शनिवार-रविवार होता, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून लोक गावाला आणि फिरायला निघून गेले, असे निदान लगोलग करण्यात आले. काही लोक गेले असतीलही. परंतु ठाण्यात शिक्षिका म्हणून नोकरी करताना मी निवडणुकीची ड्युटी केलेली आहे, टेबलाच्या अलीकडे बसून मतदारांच्या रांगा पाहिल्या आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्याच रांगांमध्ये उभी राहत आले आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, मतदानाची टक्केवारी जे सांगते त्यापेक्षा कितीतरी अधिक ती झाकून ठेवते. मत देणाऱ्या प्रत्येकाची नोंद १७-अ क्रमांकाच्या नोंदवहीत होते. मात्र केंद्राच्या दारापर्यंत येऊन, यादीत नाव न सापडल्यामुळे किंवा रांगेत उभे राहणे न झेपल्यामुळे परत गेलेल्या माणसाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. संध्याकाळी आकडे तयार होतात तेव्हा तो आणि महाबळेश्वरला गेलेला माणूस एकाच रकान्यात गणले जातात.

आपल्याकडे मतदान केंद्र सहसा बंद होत नाही, ते हलते. ज्या शाळेत वर्षानुवर्षे मतदान होत आले ती इमारत धोकादायक ठरते किंवा पाडली जाते, कधी मतदारांची संख्या वाढल्यामुळे एका यादी भागाचे, म्हणजे एका केंद्राला जोडलेल्या मतदार यादीच्या तुकड्याचे, दोन भाग होतात, कधी दोन छोटे भाग एकत्र केले जातात. निवडणूक यंत्रणेच्या भाषेत याला मतदान केंद्रांचे सुसूत्रीकरण म्हणतात आणि ते आवश्यकही असते. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त अंतर जावे लागू नये, एका कुटुंबातील मतदार एकाच यादी भागात असावेत, एका केंद्रावर ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मतदार असू नयेत, असे निवडणूक आयोगाचेच निर्देश आहेत. ही मर्यादा पूर्वी १,५०० होती, २०२५ मध्ये आयोगाने ती १,२०० वर आणली आणि अलीकडच्या काही वर्षांत मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही केंद्रे उघडली. हे सगळे निर्णय चांगले आहेत. मात्र मर्यादा खाली आली की भाग नव्याने पाडावे लागतात, भाग नव्याने पाडले की हजारो माणसांचे केंद्र, यादी भाग किंवा अनुक्रमांक बदलतो, आणि तो बदल त्या माणसापर्यंत मतदानाच्या दिवसाआधी पोहोचवण्याच्या कामाला मात्र केंद्र उभारण्याच्या कामाइतके महत्त्व दिले जात नाही.

ठाण्यात या अडचणीचे आणखी एक रूप आहे, आणि ते मी माझ्या घरातच पाहिले. नौपाडा, चरई, उथळसर, पाचपाखाडी या जुन्या ठाण्यातील चाळी आणि तीन-चार मजली इमारती गेल्या काही वर्षांत एकामागून एक पुनर्विकासाला गेल्या आहेत. आमचीही गेली. बिल्डरकडून भाडे सुरू झाले, सभासद पांगले. कोणी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, कोणी कळव्याला, कोणी थेट डोंबिवलीला राहायला गेले. मतदार यादीत मात्र सर्वांचा पत्ता जुन्याच इमारतीचा राहिला, आणि त्या पत्त्यावर आता निळे पत्रे, आत खोदलेला खड्डा आणि दारावर सुरक्षा रक्षक एवढेच उरले होते. अशा ठिकाणी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, यादीच्या पडताळणीला येतो तेव्हा त्याने काय लिहावे? तो शिक्षक किंवा पालिकेचा कर्मचारी असतो, स्वतःची नोकरी सांभाळून घरोघरी फिरत असतो, आणि समोर घरच नसते. साहजिकच तो ‘स्थलांतरित’ अशी नोंद करून पुढे जातो. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या कुटुंबातील चार मतदारांपैकी दोघांची नावे जुन्या भागात होती, माझे नाव शेजारच्या भागात गेले होते आणि मुलाचे नाव यादीतून नाहीसे झाले होते. त्याला कोणतीही नोटीस मिळाली नव्हती. पाठवली असली तरी ती पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर कोण स्वीकारणार होते, हा प्रश्न उरतोच.

या बाबतीत कायदा मतदाराच्या बाजूचा आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण पुष्कळांना त्याची कल्पना नसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरत्या दूर गेलेल्या व्यक्तीचे तेथील ‘सर्वसाधारण निवासी’ हे स्थान केवळ त्या कारणाने संपत नाही. पुनर्विकासात भाड्याने राहायला गेलेल्या आणि तीन-चार वर्षांनी त्याच जागी परतणार असलेल्या सभासदाला तात्पुरता दूर गेलेला म्हणायचे नाही, तर मग कोणाला म्हणायचे? त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार, एखाद्याने निवास सोडला या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे, आणि नाव वगळताना ही संधी खरीखुरी असली पाहिजे यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात भर दिला होता. अडचण पुढच्या कलमात आहे. कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. नाव नसल्याचे मतदानाच्या सकाळी कळले, तर केंद्राध्यक्षाच्या हाती काहीही नसते. ड्युटीवर असताना मी अशा लोकांना परत पाठवले आहे. ओळखपत्र हातात घेऊन आलेल्या, नीटनेटके कपडे घालून आलेल्या वृद्ध माणसाला “काका, तुमचे नाव या यादीत नाही, शेजारच्या खोलीत पाहा” असे सांगताना, शेजारच्या खोलीतही ते नसणार याचा अंदाज आम्हाला बहुतेक वेळा आलेला असे.

नाव यादीत असले आणि ते केवळ अनुपस्थित, स्थलांतरित व मृत मतदारांच्या वेगळ्या सूचीत गेले असले, तर मात्र मतदाराने परत फिरू नये. ही सूची दक्षतेसाठी असते. केंद्राध्यक्षाने ओळख काटेकोरपणे तपासून, सहीबरोबर अंगठ्याचा ठसा घेऊन अशा मतदाराला मत देऊ द्यायचे असते. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत देऊन गेले असेल, तर टेंडर व्होट मागता येते; ते कागदी मतपत्रिकेवर होते आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते. मतदार ओळखपत्र नसेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक अशा बारा कागदपत्रांपैकी कोणतेही एक चालते. फक्त मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ही माहिती केंद्राबाहेरील फलकावर असते, परंतु तो फलक पाहण्याआधीच माणूस रांगेत अडकलेला असतो.

नवी मुंबईत अडचण थोडी वेगळी आहे. तेथे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, घणसोली अशा प्रत्येक उपनगरात, सेक्टर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, आणि वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतीही आता पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. परंतु खरा प्रश्न भाडेकरूंचा आहे. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, दिघा येथील गावठाणांतल्या इमारतींत राहणारी असंख्य कुटुंबे नोंदणीकृत कराराशिवाय राहतात, कारण घरमालक तो करून द्यायला तयार नसतो आणि विजेचे बिलही त्याच्याच नावावर असते. पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा, तर पत्त्याचा पुरावा लागतो. पुरावा नाही म्हणून अर्ज भरला जात नाही. एपीएमसी बाजारातील अनेक माथाडी कामगारांचे नाव अजूनही सातारा-सांगलीकडच्या गावात आहे, आणि एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही हा नियम योग्यच असल्यामुळे, त्यांनी मत द्यायचे तर एसटीने रात्रभर प्रवास करायचा किंवा मत सोडून द्यायचे, एवढेच त्यांच्या हाती राहते. रस्त्यावर राहणाऱ्या बेघर माणसाच्या अर्जाबाबत आयोगाची सूचना अशी आहे की, बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तेथे खरोखर झोपतो का, हे पाहावे आणि कागदी पुरावा मागू नये. ज्या यंत्रणेने बेघरांसाठी इतका माणुसकीचा विचार केला, तिला गावठाणातील भाडेकरूसाठी घरी येऊन पडताळणी करणे अशक्य नाही.

आता रांगेविषयी, कारण तेथे सर्वांत जास्त माणसे गमावली जातात. लोकसभा आणि विधानसभेचे मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणजे ६६० मिनिटे चालते. जुन्या मर्यादेप्रमाणे एका केंद्रावर १,५०० मतदार असतील आणि त्यांतील साठ टक्के आले, तर ९०० मते होतात, म्हणजे प्रत्येक मताला सरासरी ४४ सेकंद मिळतात. सगळेच्या सगळे आले, तर २६ सेकंद. या वेळात पहिल्या अधिकाऱ्याने यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव शोधून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोटाला शाई लावून नोंदवहीत सही घ्यायची, तिसऱ्याने कंट्रोल युनिटवरून मतपत्रिका खुली करायची, मतदाराने आडोशाला जाऊन बटण दाबायचे आणि दिलेले मत कागदावर दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद पाहायची. कामे समांतर चालतात हे खरे. तरीही लोक दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाहीत, सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर झुंबड उडते. निम्मे मतदार येणार नाहीत हे गृहीत धरूनच ही व्यवस्था कशीबशी चालते, हे ड्युटीवर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग ते निम्मे न आल्याचा दोष त्यांच्यावरच का टाकावा? सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला, रांगेच्या शेवटापासून चिठ्ठ्या वाटून, मत देऊ देण्याचा नियम आहे आणि तो काटेकोर पाळलाही जातो. पण दुपारी बारा वाजता, घामाने भिजून, तासभर उभे राहून जो निघून जातो, त्याला कसलीच चिठ्ठी मिळत नाही.

२० मे रोजी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. घरून मतदान करण्याची वयोमर्यादा पूर्वी ८० होती, ती त्याच वर्षी मार्चमध्ये ८५ करण्यात आली, त्यामुळे अर्ज क्रमांक १२-ड भरण्याचा त्यांचा मार्ग बंद झाला होता. त्यांचे नेहमीचे केंद्र हलवून पत्र्याच्या मंडपात नेले होते, ही गोष्ट जुन्या शाळेच्या फाटकाशी पोहोचल्यावर समजली. फाटकावर साधा कागदही चिकटवलेला नव्हता आणि आतल्या रखवालदाराने हात करून दिशा दाखवली. मोबाईल आत नेता येत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून आमच्यापैकी एकाला बाहेर थांबावे लागले. एकट्या आलेल्या काही तरुण मुली याच कारणाने परत फिरताना पाहिल्या. आयोगाने मे २०२५ मध्ये केंद्राबाहेर मोबाईल जमा करण्याची सोय करण्याचा निर्णय जाहीर केला, तो वाचून मला मनापासून समाधान वाटले. सासूबाईंना रांगेतून पुढे घेतले गेले, कर्मचारी अतिशय आदराने वागले, आणि त्यांनी मत दिले. त्यांच्या वयाच्या ज्या शेजारणी मुलाबाळांशिवाय राहतात, त्या जुन्या फाटकावरूनच घरी गेल्या असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

केंद्राची जागा हा किती गंभीर विषय आहे, हे अमेरिकेत घडले त्यावरून कळते. तेथे १९६५ च्या मताधिकार कायद्यातील पाचव्या कलमानुसार, ज्या राज्यांत आणि परगण्यांत वर्णभेदाचा इतिहास होता त्यांना मतदानविषयक कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारची किंवा न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागे. मतदान केंद्र हलवणे किंवा बंद करणे हेही त्यात येई. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, ही मंजुरी कोणाला लागू होते ते ठरवणारे कलम रद्द केले आणि पूर्वमंजुरी व्यवहारात संपली. त्यानंतर एका नागरी हक्क संघटनेने पूर्वी या कलमाखाली असलेल्या परगण्यांपैकी ७५७ परगण्यांची पाहणी केली, तेव्हा २०१२ ते २०१८ या काळात तेथील १,६८८ केंद्रे बंद झाल्याचे आढळले. सगळी वाईट हेतूने बंद झाली असे कोणी म्हणणार नाही. काही ठिकाणी परगण्यातील कोणीही येऊन मत देऊ शकेल अशी मोठी केंद्रे उघडली गेली. परंतु २०१८ मध्ये कॅन्सस राज्यातील डॉज सिटी या बहुसंख्य हिस्पॅनिक वस्तीच्या गावाचे एकमेव केंद्र, जवळच्या बांधकामाचे कारण देऊन, गावाच्या हद्दीबाहेर आणि सर्वांत जवळच्या बसथांब्यापासून मैलाहून अधिक दूर नेण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत मिलवॉकी शहरात नेहमीच्या १८० ठिकाणांऐवजी पाचच उघडली गेली आणि लोक मास्क लावून तासन्‌तास उभे राहिले. जॉर्जियाने तर २०२१ मध्ये रांगेतील मतदारांना पाणी आणि खाद्यपदार्थ वाटण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे अशी पूर्वमंजुरी आजही जिवंत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २५ नुसार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने निवडणूक आयोगाच्या पूर्वमान्यतेने पुरेशी मतदान केंद्रे उभारायची आणि त्यांची यादी प्रसिद्ध करायची असते. मसुदा यादी निघते, राजकीय पक्षांशी बैठक होते, हरकती मागवल्या जातात. म्हणजे अमेरिकेने जे गमावले ते आपल्या कायद्यात शाबूत आहे. आपण ते वापरत नाही, ही माझी खंत आहे. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा आपल्या गृहनिर्माण संस्थांना त्याचा पत्ता नसतो, पक्षांचे प्रतिनिधी उमेदवारीच्या गणितात गुंतलेले असतात, आणि हरकतींची मुदत शांतपणे संपून जाते.

यातील प्रत्येक मत मोलाचे असते हे बेलापूरच्या मतदारांना सांगण्याची गरज नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्या मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३७७ मतांच्या फरकाने लागला. तो निकाल रीतसर मोजणीचा होता आणि त्याविषयी शंका घेण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, ३७७ हा आकडा एका मध्यम आकाराच्या केंद्रावर दिवसभरात होणाऱ्या मतदानापेक्षाही कमी आहे.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांची निवडणूक झाली, तेव्हा हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. ठाण्यात २०१७ नंतर आणि नवी मुंबईत २०१५ नंतर प्रथमच हे मतदान होत होते. राज्य निवडणूक आयोगाने विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांनुसार विभागली, त्यामुळे विधानसभेला ज्या शाळेत मत दिले तेथेच महापालिकेचे मत असेल याची खात्री नव्हती. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असल्यामुळे एका मतदाराला चार मते द्यायची होती आणि वेळ साडेसात ते साडेपाच, म्हणजे एक तास कमी होता. मतदान केंद्र शोधून देणारे संकेतस्थळ होते, पण आमच्या जुन्या इमारतीतील बहुतेकांना माहिती मिळाली ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, एका सभासदाच्या मुलीने एकेक नाव शोधून टाकली तेव्हा.

माझी मागणी फार मोठी नाही. बिहारमध्ये २०२५ च्या मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीत, सुमारे ६५ लाख नावे मसुदा यादीत आली नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टच्या आदेशात त्या सर्वांची केंद्रनिहाय यादी, प्रत्येक नावापुढे कारण लिहून, संकेतस्थळावर आणि स्थानिक कार्यालयांत लावायला सांगितली. तसे प्रत्येक पुनरीक्षणात, न्यायालयाने न सांगताही, झाले पाहिजे. त्याच धर्तीवर ज्यांचे केंद्र किंवा यादी भाग बदलला त्यांची जुनी-नवी तुलनात्मक यादी काढावी, आणि मतदानाच्या दिवशी प्रत्येक जुन्या केंद्राच्या फाटकावर नव्या केंद्राचा पत्ता लिहिलेला ठळक फलक आणि एक माणूस असावा. पुनर्विकासाला परवानगी महापालिका देते, इमारत कधी रिकामी झाली हेही तिला कळते, आणि मतदार यादीच्या कामावर पालिकेचेच अनेक अधिकारी असतात. तेव्हा पत्रे ठोकण्याआधी त्या इमारतीत बीएलओची एक बैठक घेणे कोणत्याही कायद्याच्या आड येत नाही.

हे होईपर्यंत आमच्या सोसायटीने आपल्या परीने एक काम केले आहे. सचिवांनी सभासदांच्या नोंदवहीला जोडून एक तक्ता तयार केला आहे, त्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग, अनुक्रमांक, सध्याचा भाड्याचा पत्ता, मोबाईल क्रमांक आणि इमारतीत परतण्याची अपेक्षित तारीख असे रकाने आहेत. संस्थेच्या लेटरहेडवर, ‘हे सभासद तात्पुरते स्थलांतरित असून त्यांचा मूळ निवास हाच आहे’ असे लिहून, कलम २० चा उल्लेख करून, तो तक्ता मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आवक शिक्क्यासह दिला आहे. एक प्रत त्या भागाच्या बीएलओकडे दिली आहे आणि एक प्रत बांधकामाच्या फाटकावरील रक्षकाच्या चौकीत ठेवली आहे, म्हणजे पडताळणीला कोणी आले, तर त्याला कोणाला फोन करायचा हे तेथेच कळेल. नौपाड्यातील किंवा वाशीतील ज्या संस्थांची इमारत यंदा रिकामी होणार आहे, त्यांनी चाव्या देण्याच्या शेवटच्या सर्वसाधारण सभेतच हा तक्ता भरून घ्यावा. एकदा सगळे पांगले की मग एकेकाला गाठणे फार कठीण जाते.